कोळसा-खाणकामगारांचे कुटुंबजीवन

कोळशाच्या खाणीवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबाचे घर, त्यातील श्रमविभागणी, मिळकत व तिचा विनियोग, बालसंगोपन, आजार, विवाह आणि धर्माचार यांचा समावेश या विषयात होतो. निरनिराळ्या देशांत या जीवनाचे स्वरूप भिन्न आहे. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया व लहान मुले यांना भूमिगत कामातून वगळण्यात आले. त्यानंतर तेथील खाणकामगाराची पत्नी घरीच राहून पाणी तापविणे, काळे कपडे धुणे आणि निरनिराळ्या पाळ्यांवर जाणाऱ्या पुरुषांची जेवणे सांभाळणे यांत गुंतली. भारतातील राणीगंज व झरिया या दामोदर खोऱ्यातील जुन्या कोळसाक्षेत्रांत मात्र घर आणि खाण यांची फारकत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापर्यंत झालीच नव्हती. पतीने कोळसा फोडावा, पत्नीने तो भरावा आणि मुलाने टोपली उचलावी, अशी तेथील रीत होती. कुटुंब हेच खाणकामाचे मूलभूत एकक होते. पुढे कायद्याने हे एकक मोडले. परंतु त्याच्या जागी केवळ पुरुषाच्या मजुरीवर उभे राहू शकेल असे घर लगेच निर्माण झाले नाही. या कोळसाक्षेत्रांतील कुटुंबजीवनाचा इतिहास प्रामुख्याने या स्थित्यंतराचा इतिहास होय.

राणीगंज परिसरात कोळसा काढण्यास १७७४ मध्ये प्रारंभ झाला. १८५५ मध्ये लोहमार्ग राणीगंजपर्यंत पोहोचल्यावर खाणींची वाढ झपाट्याने होऊ लागली. झरिया क्षेत्र १८९०–१९०० या दशकात लोहमार्गाने जोडले गेले. प्रारंभीचे मजूर मुख्यत्वे बाउरी, संथाळ, भुइया, राजवार, कोल इ. जातिजमातींतील होते. शेती सोडून केवळ मजुरीवर राहण्यास ते सहसा तयार नसत. म्हणून मोठ्या कंपन्यांनी जमीनदारी हक्क विकत घेतले आणि खाणीत ठराविक दिवस काम करण्याच्या अटीवर कुळांना जमिनी कसावयास दिल्या. त्यामुळे खाण हा शेतीचाच एक जोडधंदा बनला. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत मजूर कुटुंबासह गावी परतत आणि खाणींचे उत्पादन घटे. व्यवस्थापक याला मजुरांचा आळस म्हणत. वस्तुतः वर्षभराच्या धान्याची तरतूद शेतातून होत असताना कोणताही विचारी कुटुंबप्रमुख याहून वेगळे वागला नसता.

भूमिगत कामातील कुटुंब : कोळसा तोडणाऱ्या पुरुषास ‘मालकट्टा’ व मजूर स्त्रीस ‘कामिन’ म्हणत. स्तंभ राखून कोठड्या खोदण्याच्या पद्धतीत मालकट्टा सबलीने किंवा टिकावाने थरावर घाव घाली आणि सुटलेला कोळसा त्याची पत्नी, बहीण अथवा वयात येऊ लागलेली मुलगी टोपलीत भरून डोक्यावरून टबगाडीपर्यंत नेई. मजुरी भरलेल्या गाड्यांच्या संख्येवर मिळे. ती जोडीची म्हणून एकत्र मोजली जाई आणि बहुधा पुरुषाच्याच हाती पडे. स्त्रीचा वेगळा हिशोब क्वचितच ठेवला जाई. त्यामुळे तिच्या श्रमाची किंमत किती, हे तिलाही कधी कळत नसे. रिकाम्या गाड्यांचा तुटवडा ही नित्याची तक्रार होती. गाडी मिळेपर्यंत जोडपी अंधारात तासन् तास बसून राहत आणि त्या वेळेचा मोबदला मिळत नसे. १९२८ मध्ये झालेल्या कायदा-दुरुस्तीने पाळीची कमाल मर्यादा बारा तास ठरली. तीही पुढे कमी होत गेली. पण तोपर्यंत कामाचा दिवस असा निश्चित नव्हताच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर कोळसा-खाणींतील एकूण मजुरांपैकी एकतृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या.

तान्ह्या मुलास घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर आई त्याला बरोबर घेऊन खाणीत उतरे. भिंतीच्या कडेला, वायुवीजनाच्या वाटेवर, फडक्यावर निजविलेले मूल आणि काही पावलांवर काम करीत असलेली आई हे दृश्य त्या काळी असामान्य नव्हते. १९२३ च्या खाण अधिनियमाने तेरा वर्षांखालील मुलांना भूमिगत भागात नेण्यास बंदी केली. बंदी रास्त होती. तथापि मूल घरी ठेवावयाचे तर कोणापाशी, हा प्रश्न अधिनियमाने सोडविला नाही. पाळणाघरांविषयीचे नियम १९४६ मध्ये, म्हणजे दोन दशकांनी आले. मधल्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडली आणि या मुली शाळेपासून दूर राहिल्या. त्यांचे बालपण जणू या कायद्याच्या हिशोबात धरलेच गेले नव्हते.

घर आणि स्वयंपाक : खाणमालकांनी बांधलेल्या मजूरवस्तीस ‘धौडा’ म्हणतात. सु. तीन मीटर लांबी-रुंदीच्या एकेका खोलीची रांग, पुढे अरुंद ओसरी, वर विटांची कमान किंवा पत्रा असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. खिडकी बहुधा नसे. एका खोलीत दोन कुटुंबे राहत असल्याची उदाहरणेही आढळत. बंगालमध्ये १९१२ च्या व बिहार-ओरिसामध्ये १९२० च्या खाणवसाहत अधिनियमांनुसार आसनसोल व झरिया येथे खाण आरोग्य मंडळे स्थापन झाली. पटकी व देवी यांच्या साथींना आळा घालणे आणि घरांवर देखरेख ठेवणे ही त्यांची मुख्य कामे होती. संथाळांना धौडे आवडत नसत. शक्य तेथे ते खाणीपासून काही अंतरावर मातीच्या भिंतींची स्वतःची घरे बांधीत, ती सारवीत व रंगवीत. कुंपणापलीकडे कोंबड्या आणि भाजीचा वाफा असे. अशा घरात राहणारी स्त्री धौड्यातील स्त्रीपेक्षा अधिक स्वतंत्र असे, कारण कामावर न गेल्यास घर सोडावे लागेल ही धास्ती तिला नसे. खाणीतील नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर या दोन गोष्टी एकाच मालकाच्या हाती असणे, हे धौड्यातील जीवनाचे सर्वांत मोठे वैगुण्य होते.

पाण्याचा तुटवडा हे झरिया क्षेत्राचे जुने दुखणे आहे. तोपचांची येथील जलाशयातून नळाने पाणी आणण्यात आले, तरी वस्त्यांच्या टोकापर्यंत ते पुरेसे पोहोचले नाही. खाणीतून उपसलेले पाणी आणि सोडून दिलेल्या उघड्या खाणींत (यांना ‘पोखरिया’ म्हणतात) साचलेली तळी यांवरच आंघोळ, कपडे व भांडी ही कामे उरकली जात. खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे असावीत, असा नियम १९४६ मध्ये झाला. परंतु अंगावरची कोळशाची पूड घेऊनच तळ्यावर जाण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पुढेही टिकून राहिला.

कामावर जाण्यापूर्वी रात्रीचा पाण्यात भिजविलेला भात मीठ, कांदा व मिरची यांबरोबर खाण्याची पद्धत बंगाली व आदिवासी मजुरांत सार्वत्रिक होती. खाणीत नेण्याच्या शिदोरीत मुरमुरे किंवा सत्तू असे. संध्याकाळी चुली एकाच वेळी पेटत. त्यांत घालावयाचा कोळसा घरीच उघड्यावर ढीग लावून अर्धवट जाळून घेतला जाई. असे केल्याने त्यातील बराचसा धूर आधीच निघून जातो. मात्र तो धूर वस्तीवरच पसरतो. कोळशाच्या पुडीत माती व पाणी कालवून तिचे गोळे वळणे व उन्हात वाळविणे हे बायका-मुलांचे काम होय. कोळसा जवळजवळ फुकट आणि हवा दूषित, अशा या परिस्थितीत पुरुषाची छाती खाणीत व स्त्रीची छाती चुलीपाशी झिजे. पुरुषाच्या फुप्फुसविकाराची नोंद नुकसानभरपाईच्या कायद्यात होऊ शकली. स्त्रीच्या खोकल्याची नोंद कोठेही झाली नाही.

मिळकत, कर्ज व व्यसन : मजुरी आठवड्यास मिळे. आठवडी बाजाराच्या दिवशी तांदूळ, मीठ, तेल, तंबाखू व क्वचित सुकी मासळी यांची खरेदी होई. त्याच दिवशी हंडिया (तांदळाची आंबविलेली पेज) किंवा मोहाची दारू घेतली जाई आणि दुसऱ्या दिवशी खाणीवरील हजेरी रोडावे. आदिवासी कुटुंबांत हंडिया हे सणासमारंभातले व देवकार्यातले पेय असून ते स्त्रियाच तयार करतात. त्याची गणना सरसकट व्यसनात करणे योग्य नाही. मात्र परवान्याच्या दुकानांतून मिळणारी गाळलेली दारू ही वेगळी बाब होती. तिच्यासाठी आणि लग्ने, आजारपणे व गावाकडचा सारा यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मजुरीच्याच दिवशी खाणीच्या फाटकापाशी वसूल केले जात. भरतीच्या वेळी मुकादमाने दिलेली उचल फिटेपर्यंत कुटुंबाला ती खाण सोडता येत नसे. सावकारी व दारू यांविरुद्धची चळवळ धनबाद परिसरात पुढे प्रबळ झाली. तीतील एक उल्लेखनीय संस्था म्हणजे वकील बिनोद बिहारी महतो यांनी १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात स्थापिलेला ‘शिवाजी समाज’ ही होय. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेने कुडमी महतो समाजातील विवाहविषयक अनिष्ट रूढी, दारू आणि सावकारी यांविरुद्ध काम केले.

स्त्रियांच्या भूमिगत कामास बंदी : भारत सरकारने १९२९ मध्ये नियम करून स्त्रियांना भूमिगत कामातून वगळण्याचे धोरण जाहीर केले. बंगाल, बिहार-ओरिसा व मध्य प्रांत येथील कोळसा-खाणींना यासाठी मुदत देऊन स्त्रियांचे प्रमाण दरवर्षी घटवीत न्यावयाचे ठरले. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने (अहवाल १९३१) या प्रश्नाचा विचार केला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३५ मध्ये याच आशयाचा करार संमत केला आणि १९३७ मध्ये बंदी पूर्णपणे अंमलात आली. स्त्रीचे आरोग्य, प्रसूती व अपत्यसंगोपन यांच्या दृष्टीने बंदी आवश्यक होती, याविषयी सुधारकांत फारसे दुमत नव्हते. तिचा आर्थिक परिणाम मात्र कुटुंबाला सोसावा लागला. जोडीला मिळणाऱ्या मजुरीतील स्त्रीचा वाटा गेला आणि पुरुषाच्या दरात त्या प्रमाणात वाढ झाली नाही. कोळसा भरण्यासाठी त्याला आता परका भागीदार घ्यावा लागे व मजुरी वाटून घ्यावी लागे. काही स्त्रियांना वरच्या कामात, म्हणजे वाघिणी भरणे, कोळशातील दगड निवडणे, माती वाहणे यांत जागा मिळाली; ती मजुरीही कमी होती. इतर स्त्रिया गावी परतल्या. त्यांच्याबरोबर कुटुंबे दुभंगली. पुरुष धौड्यात एकटा राहून मधूनमधून गावी जाऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई निर्माण होताच सरकारने १९४३ मध्ये ही बंदी प्रथम मध्य प्रांतात व नंतर बंगाल-बिहारमध्ये उठविली. अखिल भारतीय महिला परिषदेने या निर्णयाला विरोध केला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. स्त्रीच्या प्रकृतीस अपायकारक म्हणून बंद केलेले काम कोळशाची निकड भासताच पुन्हा सुरू होते, ही गोष्ट बंदीमागील कारणांच्या वजनाविषयी पुरेशी बोलकी आहे. याच काळात गोरखपूर येथून केवळ पुरुष मजुरांची करारावर भरती करून त्यांना सामुदायिक भोजनगृहे असलेल्या छावण्यांत ठेवण्यात येऊ लागले. खाण चालण्यास कुटुंब आवश्यक नाही, असा धडा खाणमालकांनी त्यातून घेतला. १९५२ च्या खाण अधिनियमाने ही बंदी कायम ठेवली. २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामांपुरती स्त्रियांना दिवसा भूमिगत खाणीत काम करण्याची परवानगी मिळाली. तिचा लाभ अभियांत्रिकी शिकलेल्या मुलींना होतो. कामिनच्या नातींपैकी फार थोड्या त्यांत असतात.

कल्याण योजना व राष्ट्रीयीकरण : कोळशावरील उपकरातून १९४४ मध्ये कामगार कल्याण निधी उभारण्यात आला व १९४७ च्या अधिनियमाने त्याला स्थैर्य मिळाले. त्यातून धनबाद व आसनसोल येथे मध्यवर्ती रुग्णालये, तसेच घरे, प्रसूतिकेंद्रे व शाळा निघाल्या. खाणीतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९४१ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा १९४८ मध्ये झाला. कोकक्षम कोळशाच्या खाणींचे १९७२ मध्ये व उरलेल्यांचे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर वेतन लक्षणीय वाढले आणि खाणकामगाराची नोकरी ही परिसरातील सर्वांत किफायतशीर नोकरी ठरली. पक्के घर, सायकल, पुढे दूरचित्रवाणी संच, मुलांना शाळा असा बदल एका पिढीत घडला. परंतु हजेरीपट नव्याने तयार होत असताना अनेक स्त्रिया व स्थानिक मजूर वगळले गेले आणि बाहेरून आलेल्यांची नावे त्यांत शिरली, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

नोकरीला किंमत आल्यावर ती कौटुंबिक मालमत्तेसारखी मानली जाऊ लागली. राष्ट्रीय कोळसा वेतन करारांनुसार सेवेत मृत्यू पावलेल्या कामगाराच्या आश्रितास नोकरी मिळते. विधवेचे वय पंचेचाळिशीच्या आत असल्यास नोकरी किंवा मासिक रक्कम यांपैकी एकाची निवड तिला करता येते. मुलगा अल्पवयीन असल्यास त्याचे नाव तो अठरा वर्षांचा होईपर्यंत नोंदवहीत राखून ठेवतात आणि तोवर आईला मासिक रक्कम मिळते. ही तरतूद अनेक घरांना आधार ठरली, हे निर्विवाद आहे. तथापि तिच्यामुळे विधवा, दीर, सासरा व वयात येणारा मुलगा यांच्यातील संबंधांना व्यवहाराचे स्वरूप आले. बाउरी, भुइया इ. समाजांत ‘सगाई’ नावाने विधवाविवाहाची प्रथा पूर्वापार आहे. आता त्या प्रश्नात नोकरीचाही विचार शिरला. स्त्री कामगारांसाठी निघालेल्या खास स्वेच्छानिवृत्ती योजनांनी आईने नोकरी सोडावी व ती मुलास मिळावी, अशी सोय केली. घराच्या दृष्टीने उत्पन्न तेच राहते, किंबहुना मुलाची सेवा दीर्घ असल्याने फायदाच होतो. मात्र आईच्या नावावरचे वेतन मुलाच्या नावावर जाते आणि उतारवयात तिला त्याच्याकडे हात पसरावा लागतो. अशा रीतीने पूर्वी कायद्याने खाणीबाहेर काढलेली स्त्री या वेळी घराच्याच संमतीने हजेरीपटावरून उतरली.

अपघात व धर्माचार : चिनाकुरी (१९५८), धोरी (१९६५) व चासनाला (१९७५) येथील दुर्घटना मोठ्या समजल्या जातात. चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या कामातील साठलेले पाणी फुटून सु. ३७५ कामगार बुडाले. पाणी उपसण्यास अनेक दिवस लागल्याने कुटुंबे खाणीच्या तोंडाशी तिष्ठत राहिली. मोठ्या दुर्घटनांची चौकशी होते, भरपाई मिळते. एकेकट्याने छत कोसळून झालेले मृत्यू मात्र त्या घरापुरतेच राहतात. या अनिश्चिततेमुळे खाणीवर कालीची उपासना रूढ झाली. खाणीच्या तोंडाशी तिचे स्थान असते व कामावर उतरताना तिला नमस्कार केला जातो. कालीपूजेस बोकड बळी देतात. बाउरींमध्ये सर्पदेवता मनसा, तर संथाळांमध्ये सोहराय हा गुरांचा सण महत्त्वाचा आहे. गुरे न उरलेल्या वसाहतीतही तो साजरा होतो. बंगाली कथाकार शैलजानंद मुखोपाध्याय यांनी १९२० नंतर लिहिलेल्या कथांतून या समाजाच्या गृहजीवनाला भारतीय साहित्यात प्रथमच ठळक स्थान मिळाले.

झरिया येथे १९१६ पासून भूमिगत आगी धुमसत आहेत. तापलेली जमीन, भिंतींना पडणाऱ्या भेगा व विषारी वायू यांत हजारो कुटुंबे राहत आली आहेत. २००९ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानुसार त्यांतील काहींना बेलगडिया येथील इमारतींत हलविण्यात आले. तेथे जमीन थंड आहे. पण घरे लहान असून रोजगार दूर आहे. सायकलवर दोनशे किलोंहून अधिक कोळसा लादून तो ढकलत शहरात विकणारे पुरुष आणि उघड्या खाणीच्या काठावर कोळसा वेचणाऱ्या स्त्रिया व मुले यांची उपजीविका जुन्या वस्तीलाच बांधलेली असल्याने अनेकजण स्थलांतरास नाखूष असतात. वेचलेला कोळसा कायद्याने चोरीचा ठरतो. कधीकाळी याच कामासाठी त्यांच्या आजीचे नाव कामिन म्हणून हजेरीपटावर असे.

महाराष्ट्रातील कोळसाक्षेत्र : वर्धा खोऱ्यात वरोडा येथील खाण १८७० नंतरच्या दशकात सुरू होऊन १९०६ मध्ये बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुगुस, माजरी, वणी व पुढे उमरेड या भागांत खाणी विकसित झाल्या. १९७५ पासून त्या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे आहेत. जुन्या खाणींवर छत्तीसगढ, तेलंगण व उत्तर प्रदेश येथून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. छत्तीसगढी मजूर स्त्रीस येथे ‘रेजा’ म्हणत. या वसाहतींतील मुले घरी छत्तीसगढी किंवा तेलुगू, गल्लीत हिंदी व शाळेत मराठी बोलत वाढली. उघड्या खाणींचे प्रमाण वाढल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. येथे मजूर खाणीकडे येत नाही; खाणच शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकर संपादित जमिनीमागे एक नोकरी असे प्रमाण आहे. त्याहून कमी जमीन असलेल्यांना ती एकत्र करून एकाचे नाव सुचविता येते. चार भावांच्या एकत्र कुटुंबात हे नाव कोणाचे असावे, यावरून वाटण्या होतात, तडजोडीचे कागद लिहिले जातात. कापूस व तूर पिकविणाऱ्या या घरांत पेरणी, निंदणी व वेचणी ही कामे मुख्यतः स्त्रियांची होती. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावे क्वचितच असल्याने संपादनानंतर नोकरी मुलास व रक्कम पतीस मिळते.